पॉवरवर घेतलेलं घर

"काकू, कागदावर हे घर तुमचं नाहीच," वकीलबाई म्हणाली आणि माझी फाइल मिटून तिने माझ्याकडे सरकवली.

माझ्या मुलीच्या वयाची पोर. नेरूळ स्टेशनबाहेर एका पोटमाळ्यावर तिचं ऑफिस. पंखा इतका जोरात की प्रत्येक कागदावर काहीतरी ठेवलेलं: स्टेपलर, चष्म्याची डबी, अर्धा खाल्लेला बिस्किटपुडा. मी आवाज चढवला. धंदा सुरू केला तेव्हा माझ्याकडे भांडवल म्हणून एक शिलाई मशीन होती आणि हा आवाज.

"बावीस वर्षं राहतेय मी तिथे. फरशी मी बदलली, नळ मी बदलले, पोरीचं लग्न त्या घरातून लावलं. आणि घर माझं नाही?"

"राहताय हो. राहण्याबद्दल कोण बोलतंय? लाइट बिल कोणाच्या नावावर येतं?"

मी फाइल परत उघडून चाळायला लागले.

"घरपट्टी?"

"नावं बदलायची राहून गेली."

"सगळंच राहून गेलंय काकू. तुम्ही घर पॉवरवर घेतलंय."

नवी मुंबईत जुने झालेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही; बाकीच्यांसाठी सांगते. इथली जमीन हे शहर वसवणाऱ्या महामंडळाची. घरं आपण घेतो, पण खालची जमीन भाडेपट्ट्यावर. त्यामुळे घर एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करायचं तर महामंडळाची परवानगी घ्या, हस्तांतराची फी भरा, मग दस्त नोंदवा. हे सगळं टाळायला लोकांनी एक वाट काढली होती. विकणारा माणूस घेणाऱ्याला कुलमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, लिहून द्यायचा की, माझ्या वतीने या घराचं जे काही करायचं ते या बाईने करावं. त्यावर नोटरीचा लाल शिक्का, सोबत स्टँपपेपरवर एक करार, किल्ल्या हातात, झालं. त्यालाच सगळे 'पॉवरवर घेतलं' म्हणायचे. आमच्या सेक्टरात निम्मी बिऱ्हाडं पॉवरवर होती आणि कोणाची झोप उडाली नव्हती.

मला घर विकणारा माणूस मात्र तेव्हा मागे लागला होता. पन्नाशी ओलांडलेला, शिरवण्याच्या पलीकडे एमआयडीसीतल्या कारखान्यात फिटर. "ताई, रीतसर ट्रान्सफर करून घ्या. मी रजा टाकून येतो सोबत." मला वाटलं, याचा काहीतरी डाव आहे. समोरचा माणूस माझ्या फायद्याचं सांगायला लागला की मी सावध होते. मी म्हटलं, ती फी भरण्यापेक्षा मी दुसरी मशीन घेईन. घेतली पण. त्याच मशीनवर पडद्यांचं काम सुरू झालं, पुढे दुकान झालं. ही हुशारी मी बावीस वर्षं लोकांना ऐकवत आले होते.

त्या माणसाची दुसरी एक गोष्टही मी बावीस वर्षं ऐकवत आले होते. ताबा घ्यायला गेले त्या दिवशी हॉलच्या खिडकीची ग्रिल गायब होती. बाहेर आलेली, पेटीसारखी, मधोमध सूर्य काढलेली लोखंडी ग्रिल. तिच्या जागी भिंतीत बारा भोकं आणि खाली चौथ्या मजल्याएवढी हवा. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. रात्रभर मी त्या खिडकीला लोखंडी खाट लावून झोपले. सकाळी जिन्यात जो भेटला त्याला सांगितलं, की माणूस दिसायला सज्जन, पण जाताना ग्रिल चोरून नेली. तळमजल्यावरच्या कंडक्टरना सांगितलं, तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीला दोनदा सांगितलं. पुढे बिल्डिंगमध्ये कोणी नवीन राहायला आलं की त्यालाही सांगायचे. राग हा असा ताजा ठेवला तरच टिकतो.

आता अडचण सांगते. यांचे गुडघे गेले होते, माझे जायला निघाले होते. चौथा मजला आणि लिफ्ट नाही. म्हणून खांदेश्वरला लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट पाहिला आणि आयुष्यभराच्या साठवणीतून त्याचा बयाणा दिला. उरलेली रक्कम जुनं घर विकून द्यायची होती. घराला गिऱ्हाईकही चांगलं मिळालं, दोघं नवराबायको, मूळचे नांदेडकडचे, ती नर्स, तो बँकेत क्लार्क. त्यांचं कर्ज मंजूर होऊन पत्र हातात आलं होतं. पत्राची मुदत तीन महिने, त्यातला एक संपलेला. मुदतीत दस्त झाला नाही तर ते जोडपं दुसरं घर बघणार, आणि माझा खांदेश्वरचा बयाणा बुडणार.

"नोटरीची पॉवर बघून बँक दारातूनच परत पाठवेल," वकीलबाई म्हणाली. "ज्याने दिली तो माणूस हयात आहे का?"

"मला काय माहीत."

"असला तर सुटलात. तो येऊन तुमच्या नावाने दस्त नोंदवून देईल, महामंडळाचं मी बघते. नसला तर त्याचे वारस, वारसांचे वारस, सगळ्यांच्या सह्या. आणि काकू, अशा सहीचे लोक पैसे मागतात. बरेच मागतात."

घरी येऊन मी यांच्यावर ओरडले, कारण ओरडायला तेच होते. हे आयुष्यभर पोस्टात होते. माझं ओरडून होईपर्यंत चहा संपवायचा आणि मग बोलायचं, ही यांची पद्धत.

"हयात आहे तो," हे म्हणाले.

"कोण?"

"फिटर. खांदेश्वरला असतो. परवाच बोललो."

मी भांडं खाली ठेवलं. निघालं ते असं, की त्या माणसाची पत्रं आमच्या पत्त्यावर येत राहिली, पीएफची, विम्याची, गावाकडची. हे ती नव्या पत्त्यावर पाठवत राहिले. आधी पोस्टाने, मग फोनवर फोटो काढून. दिवाळीला शुभेच्छा, बुद्धपौर्णिमेला शुभेच्छा.

"बावीस वर्षं मला सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू पाकिटं फाडली असतीस."

हे खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडले.

रविवारी खांदेश्वरला गेलो. रिक्षात मी मनाशी आकडा ठरवला होता. सुरुवात त्याच्या निम्म्याने करायची, मध्येच उठून दारापर्यंत जायचं, चप्पल घालायची, परत यायचं. पडद्याच्या कापडाच्या ठोक व्यापाऱ्यांशी मी असंच करते आणि ते मला घाबरून असतात.

दार उघडलं त्याच्या बायकोने. बारीक, ताठ, केस पूर्ण पांढरे. तिच्या खांद्यावरून मला समोरच्या बाल्कनीत ती ग्रिल दिसली. हिरवा रंग मारलेला, आत कोरफडीच्या कुंड्या, पण मधला सूर्य तोच.

"या, पडदेवाल्या बाई," ती म्हणाली. "बघून झाली असली ग्रिल तर बसा."

फिटरभाऊ खुर्चीत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कानात यंत्र. यांना पाहून खूश झाले. दोघांनी लगेच गुडघ्यांची चौकशी सुरू केली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली नातवंडांचे फोटो. मी काम सांगितलं. भाऊंनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "मी तेव्हाच म्हणालो होतो, रीतसर करा. येतो मी. कधी येऊ?"

मी आकडा सांगायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "सही यांची आहे, पण यांना घेऊन येणार मी. माझं एक म्हणणं आहे."

आली बाई मुद्द्यावर, मी मनात म्हटलं, आणि सावरून बसले. "बोला वहिनी. किती?"

"पैसे नकोत. तुम्ही यांना चोर म्हणालात. नेरूळच्या भाजी मार्केटमध्ये तुमच्या खालच्या बाईने मला विचारलं, ग्रिल नेलीत म्हणे? मी कोथिंबीर तिथेच टाकून आले. त्यानंतर त्या मार्केटात पाऊल टाकलं नाही मी."

"मग नेलीच ना? ही काय समोर आहे."

"नेली. का नेली ते आठवा."

"का म्हणजे?"

"भाव करताना तुम्ही काय म्हणालात?"

मी भाव करताना काय काय म्हणाले ते मला आठवत नाही, कारण भाव करताना मी वस्तूबद्दल जे सुचेल ते वाईट बोलते. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू म्हणालीस, ही ग्रिल गंजलेली आहे. हिचा एक रुपयासुद्धा मी धरत नाही. भंगारात काढा."

"आणि तेवढे पैसे तुम्ही कमी केलेत," वहिनी म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, बाईला नको आहे. भंगारात कशाला द्यायची, यांनी स्वतःच्या हाताने वेल्डिंग केलेली होती. म्हणून घेऊन आलो."

आता मला ते दृश्य दिसलं. खिडकीशी मी उभी, ग्रिलवर नखाने खरवडतेय, आणि हा माणूस मान हलवून 'बरं' म्हणतोय. मला तेव्हा वाटलं होतं, किती सहज नमला. पैसे वजा करून घेतले आणि वस्तूही माझीच राहील असं धरून चालले. भाव करणारी माणसं वस्तूला नावं ठेवतात ती घेण्यासाठीच, हे सगळ्या दुनियेला कळतं. या दोघांना कळलं नाही, कारण ते बोललेल्या शब्दाला धरून चालणारे होते. अशा लोकांशी व्यवहार करणं फार अवघड असतं.

"बरं, गैरसमज झाला," मी म्हटलं.

"असं नाही चालणार. ज्यांना चोर म्हणून सांगितलं त्यांच्यासमोर बोलायचं. सगळी बिल्डिंग."

सोळा बिऱ्हाडं. मी म्हटलं, "सगळी बिल्डिंग कशाला? निम्मे तर आता राहतही नाहीत. एक जण पुरे."

"दहा."

"एक. आणि फोनवर."

"फोनवर नाही. समोर. आठ."

"वहिनी, माझ्याही वयाकडे बघा. दोन."

त्या यांच्याकडे वळल्या. "दस्ताला साक्षीदार किती लागतात?"

"दोन," हे म्हणाले. पोस्टातल्या माणसाला अशी माहिती असतेच.

"मग दोन. खालचे कंडक्टर आणि मला मार्केटात विचारणारी ती बाई. दोघांना साक्षीदार म्हणून आणा. सहीच्या आधी बोलायचं, नंतर नाही. आणि बोलताना 'पण' म्हणायचं नाही."

"थोडं 'पण' तर चालेल?"

"अजिबात नाही."

मी उठले, दारापर्यंत गेले, चप्पल घातली. कोणी हाक मारली नाही. आत दोघा गुडघेदुखीवाल्यांचं तेलांविषयी बोलणं सुरू झालं होतं. मी चप्पल काढून परत आले आणि म्हटलं, ठीक आहे. व्यवहारात एवढी साफ मी आयुष्यात कधी हरले नव्हते.

महामंडळाची परवानगी यायला पाच आठवडे लागले. त्यात मी वकीलबाईच्या पोटमाळ्यावर किती चकरा मारल्या त्याची मोजदाद नाही. मुद्रांक शुल्क आजच्या भावाने भरलं तेव्हा बावीस वर्षांपूर्वी वाचवलेली फी किती स्वस्त होती ते कळलं. वकीलबाईने तोंडावर फाइल धरली, म्हणजे हसत असावी. कर्जाच्या पत्राला जेमतेम तीन आठवडे उरले होते तेव्हा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाची वेळ मिळाली.

कार्यालयात बाकावर आम्ही सात जण ओळीने बसलो. भाऊ, वहिनी, हे, मी, वकीलबाई आणि दोन साक्षीदार. कंडक्टर ऐंशीला टेकलेले, सुट्टे पैसे अजूनही खिशात वाजवत बसायची सवय. शेजारीण ठेवणीतली साडी नेसून आली होती. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं, तरी तिला काहीतरी बघायला मिळणार याचा वास लागला होता. समोरच्या पडद्यावर आमच्या आधी दोन नंबर राहिले.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

मी घसा साफ केला. "ती ग्रिल," मी सुरू केलं, "हॉलची. ती भाऊंनी चोरली नव्हती. भाव करताना मीच भंगारात काढा म्हणाले होते आणि तिचे पैसे कमी करून घेतले होते. चूक माझी. मी तुम्हाला खोटं सांगितलं." इथे थांबायला हवं होतं. "पण माणसाने निदान भोकं तरी बुजवायची."

"आला बघा 'पण'," वहिनी म्हणाल्या आणि पर्स उचलून उभ्या राहिल्या. "चला हो."

"काकू," वकीलबाई कुजबुजली, "पुढचा नंबर आपला आहे."

तेवढ्यात भाऊंनी यंत्र कानात नीट बसवलं आणि विचारलं, "काय म्हणाल्या? भोकं?"

"बुजवली नाहीत म्हणतात," कंडक्टर मोठ्याने म्हणाले.

"अहो, सिमेंट आणायलाच गेलो होतो त्या दिवशी. दुपारी पिशवी घेऊन चार मजले चढून आलो तर ताईंनी कुलूप बदललेलं. बेल वाजवली, कोणी नाही. पिशवी दारात ठेवायचीही सोय नव्हती, कोणीतरी उचलली असती. घेऊन गेलो परत."

कुलूप बदलायला मला तासभर लागला होता, आणि मग मी मुलीला घेऊन समोरच्या दुकानात दूध आणायला गेले होते. हे मला लख्ख आठवलं. घर ताब्यात आलं की पहिलं कुलूप बदलायचं, हा माझा नियम. त्या नियमाबद्दलही मी लोकांना सांगत आले होते.

शेजारीण माझ्याकडे बघत होती. कंडक्टरनी नाणी वाजवणं बंद केलं होतं. पडद्यावर आमचा नंबर आला.

"चूक माझी," मी म्हटलं. "सगळी माझी." आणि तोंड दोन्ही ओठ आत घेऊन बंद केलं, म्हणजे त्यातून पुढे काही निसटायला नको.

वहिनींनी मनात तीनपर्यंत मोजलं असावं. मग पर्स काखेत मारली आणि भाऊंचा दंड धरला. "उठा. सही करायची आहे."

आत फोटो झाले, सह्या झाल्या. साक्षीदारांनी आम्ही दोघांना ओळखतो असं सांगितलं. शेजारणीने तर "फार चांगलं ओळखते" असं माझ्याकडे बघून सांगितलं. मग अंगठा. भाऊंनी यंत्रावर अंगठा ठेवला, यंत्राने घेतला नाही. पुसून ठेवला, नाही. दुसऱ्या हाताचा, नाही. चाळीस वर्षं लोखंड घासलेला माणूस, अंगठ्यावर रेषा राहिल्याच नव्हत्या. यंत्रावरची मुलगी म्हणाली, "आजोबा, जोरात दाबू नका." भाऊंनी हळू ठेवला, नाही. मागे रांग कुरकुरायला लागली. मी मागे वळून त्या रांगेला दोन शब्द ऐकवले, तेवढी मुभा मला कोणी नाकारलेली नव्हती.

प्रत्येकाने उपाय सांगितला. कंडक्टर म्हणाले, केसांवर घासा. भाऊंना केस नव्हते. हे म्हणाले, कोमट पाणी. वहिनींनी कोणाचंच ऐकलं नाही. त्यांनी भाऊंचा अंगठा आपल्या कपाळावर घासला, एकदा, दोनदा, आणि स्वतः यंत्रावर नेऊन ठेवला. यंत्राने हिरवा दिवा दाखवला.

"यांचा अंगठा कुठेच लागत नाही," वहिनी मुलीला म्हणाल्या. "रेशनला पण मीच असं करते."

बाहेर आल्यावर वकीलबाईने पावती माझ्या हातात दिली. घेणार म्हणून माझं नाव छापलेलं होतं, पूर्ण. मी ती पावती दोनदा वाचली. हे म्हणाले, "आता झालं घर तुझं." मी म्हटलं, "रिक्षा बघा." डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

नांदेडकडच्या जोडप्याचा दस्त त्यानंतर सोळा दिवसांनी झाला, बँकेच्या पत्राची मुदत संपायच्या आत. म्हणजे बावीस वर्षं ज्या घरात राहिले, त्याची कायदेशीर मालकीण मी सोळा दिवस होते. पंधरा दिवस सामान बांधण्यात गेले. एका रविवारी मात्र सोसायटीची सभा होती. पॉवरवाल्यांना आमच्याकडे सभेत बसता यायचं, चहा प्यायला मिळायचा, मत देता यायचं नाही. मी नवीन साडी नेसून पहिल्या रांगेत बसले आणि दस्ताची प्रत सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवली. विषय होता पाण्याची मोटर पहाटे पाचला लावायची की सहाला. मला आठवड्याने जायचं होतं, मोटर कधीही लागली तरी माझं काही बिघडत नव्हतं. मी अर्धा तास भांडले. सहाच्या बाजूने हात वर केला आणि सेक्रेटरींनी माझं नाव वहीत लिहीपर्यंत खाली घेतला नाही.